ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या वाड्याच्या छताची सातवी पटिया (दगडी फळी) तुटली आहे. लेंटर (सिमेंट-लोखंडाचा स्लॅब) टाकायचा का?

गोठकरीण

नमस्कार. मी ग्वाल्हेरची, इथल्या लष्कर भागात राहते. चौतीस वर्षं शाळेत गणित शिकवलं, तीन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. प्रश्न छताचा आहे, पण घर कसं आहे ते सांगितल्याशिवाय तो कळायचा नाही, म्हणून थोडं लांबवते.

आमचा वाडा एका गोठीत, म्हणजे एका सरदाराच्या जुन्या वस्तीत आहे. दिंडीवरच्या दगडात 'संवत १९४१' कोरलंय, म्हणजे १८८४. जयाजीराव शिंदे महाराजांची शेवटची वर्षं. पणजोबा दरबारात कारकून होते, सरदार नव्हते, त्यामुळे वाडा एकाच चौकाचा. गल्लीला लागून दगडी ओटा, मग दिंडी, मग देवडी. देवडीत शिरल्यावर डावीकडे वळावं लागतं, सरळ चौक दिसत नाही. रस्त्यावरच्या माणसाची नजर बायकांच्या राबत्यात जाऊ नये म्हणून. चौकाच्या चारी बाजूंना दालन, बारा खांब, बंगडीदार कमानी. मधे तुळस. मागे स्वयंपाकघर, त्याला लागून माजघर, ईशान्येला देवघर. माझी आजी साताऱ्याकडची. ती लग्न होऊन इथे आली तेव्हा म्हणाली होती म्हणे, "घर तर आमच्यासारखंच आहे, फक्त लाकडाचं दगड केलंय."

आणि ते अगदी खरं आहे. आमच्या घरात लाकूड म्हणजे दारं, कवाडं आणि माडीचा जिना, एवढंच. खांब दगडाचे, कमानी दगडाच्या, छज्जा दगडाचा, छज्ज्याला खालून आधार देणाऱ्या टोड्या दगडाच्या, झरोक्याच्या जाळ्या दगडाच्या. कोनाड्याची महिरप दगडाची. गाय बांधायची कडीसुद्धा दगडातच कोरून काढलेली, आणि इतक्या वर्षांच्या दाव्यांनी तिला आतून गुळगुळीत खाच पडलीय.

छतही दगडाचं. पुण्याचे नातेवाईक आले की वर बघतात आणि विचारतात, तुळया कुठे आहेत? तुळया नाहीतच. आमच्या इकडे पटिया असतात. खाणीतून काढलेल्या दगडाच्या लांब फळ्या, या भिंतीवरून त्या भिंतीवर टाकलेल्या, एकीला एक चिकटून. वरून चुना आणि भर. झालं छत.

पुढच्या बैठकीची खोली नऊ फूट रुंद आणि बावीस फूट लांब. तिच्यावर अशा अकरा पटिया आहेत. लहानपणी आम्ही तिघं भावंडं तिथेच ओळीने झोपायचो. दुपारी आई सक्तीने झोपवायची, झोप तर यायची नाही, मग वर बघत पटिया मोजायच्या. पहिलीवर छिन्नीच्या रेघा सरळ, चौथीवर तिरप्या, म्हणजे चौथी दुसऱ्या कारागिराने घडवलेली. सातवीच्या पोटाशी एक खूण आहे, दोन कमानदार रेघा आणि शेपटी. आम्ही तिला मासा म्हणायचो. कारागिराची खूण असणार, मोजणीसाठी किंवा मजुरीसाठी. दादाची जागा पहिल्या तीन पटियांखाली, माझी मधल्या, धाकट्याची शेवटच्या. आणि मासा कुणाच्या हद्दीत यावरून आमची खरी भांडणं झालेली आहेत.

यंदा श्रावणात तीच सातवी पटिया तुटली. म्हणजे खाली पडली नाही. बरोबर मधे, माशाच्या शेपटीपासून चार बोटांवर, आडवी भेग गेली. आधी मला वाटलं कोळिष्टक आहे. झाडूने पुसलं, गेलं नाही. दुसऱ्या दिवशी सतरंजीवर बारीक पांढरी माती पडलेली. पाऊस थांबल्यावरही दोन दिवस भेगेतून पाणी ठिबकत होतं.

ठेकेदाराला बोलावलं. तो दहा मिनिटं उभा राहिला, वर बघितलं आणि म्हणाला, "अम्माजी, सब निकलवा दो, लेंटर डलवा लो. पचास साल की छुट्टी." बैठकीच्याच नाही, सगळ्या वाड्याच्या पटिया काढायच्या. पुढचा छज्जा आणि झरोके पण उतरवावे लागतील, कारण त्यांच्या शेपट्या छतात अडकलेल्या आहेत असं त्याचं म्हणणं.

धाकटा भाऊ पुण्याला असतो. तो म्हणतो, ताई, किती दिवस ठिगळं लावशील, विकून टाकू. तो वाईट नाही. दर पावसाळ्यात त्यालाच माझी काळजी लागते, मी एकटी असते ना. दादा नाशिकला, तो म्हणतो तू ठरव. मला ठरवता येत नाही. गणित शिकवलेल्या बाईला एवढं कळतं की एकशेचाळीस वर्षं टिकलेली गोष्ट अशी एका पावसाळ्यात मोडत नाही, काहीतरी कारण असतं. पण ते कारण मला सापडत नाहीये.

तर विचारायचं ते असं. एकच पटिया बदलता येते का? लेंटर टाकला तर जुन्या भिंतींचं काय होतं? आणि ज्यांनी असं घर राखलंय, त्यांनी भावंडांना कसं पटवलं?

लष्कर ते कोथरूड

ताई, मी स्थापत्य अभियंता, वय बहात्तर, जन्म जनकगंजातला. बाकीचं नंतर वाचा, आधी हे करा. आजच्या आज त्या पटियेखाली टेकू लावा. मधोमध आडवी भेग गेलेली पटिया मोडलेली असते. ती शेजारणींच्या आणि वरच्या भरावाच्या दाबाने अडकून राहिलीय, स्वतःच्या ताकदीने नाही. साल वृक्षाच्या जाड बल्ल्या घ्या, वर पटियेच्या रुंदीची फळी, खाली जमिनीवरही फळी, आणि पाचर मारून कसा. भेगेच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन. ठोकून वर उचलायचा प्रयत्न करू नका, फक्त टेकवा. सहावी आणि आठवीखालीही लावा. खोलीत झोपू नका, वर गच्चीवर कुणाला पाठवू नका.

आता कारण. दगड दाब सोसतो, ताण सोसत नाही. पटिया दोन भिंतींवर टेकलेली असते तेव्हा तिच्या वरच्या अंगावर दाब येतो आणि पोटाकडच्या अंगावर ताण. मोडते ती नेहमी पोटाकडून, मधोमध. तुमची भेग नेमकी तिथे आहे, म्हणजे दगड कुजलेला नाही, त्याच्यावर भार जास्त झालाय. भार कसला? मला जवळजवळ खात्री आहे की तो वरच्या भरावाचा आहे.

थोडा हिशेब मांडतो, तुम्ही गणिताच्या आहात. दहा फूट लांब, दोन फूट रुंद, चार इंच जाड पटिया साधारण सव्वाचारशे किलोची. म्हणजे चौरस मीटरला दोनशे तीस किलोच्या आसपास. आता वर फूटभर ओली माती-चुना असेल तर तोच चौरस मीटरला पाचशे किलो होतो, पटियेच्या दुप्पट. आमच्या लष्करात प्रत्येक पिढीने गच्ची गळली की वर आणखी एक थर चढवला. जुना कुणी काढला नाही. माझ्या मामांच्या घरी दीड फूट भराव निघाला होता, त्यात एक फुटकी रांजणाची खापरीसुद्धा होती.

म्हणून पहिला खर्च खाली नाही, वर करा. गच्ची हळूहळू, हाताने, दोन्ही बाजूंनी सारखी उकरायची. मशीन लावू देऊ नका, हादऱ्याने बाकीच्या दहा पटिया जातील. उकरलेला माल गच्चीवरच ढीग करून ठेवू नका, ताबडतोब खाली उतरवा. मूळ चुन्याचा थर लागला की थांबा. भार निम्म्यावर आला तर उरलेल्या पटिया तुमच्या नातवंडांना पुरतील.

एक पटिया बदलता येते. नेहमी बदलायचे. वरून भर काढला की तुटलेली दोन तुकड्यांत सुटते, चेन पुलीने नवी वर चढवायची, दोन्हीकडे किमान सहा इंच टेकली पाहिजे. नवी मिळाली नाही तर पाडलेल्या घरांची जुनी मिळते, आणि मी जुनीच घेईन. जी शंभर वर्षं वाकली नाही तिची परीक्षा झालेली असते. आणखी एखाद-दोन पटियांना बारीक भेग असेल तर मधे लोखंडी गर्डर घालता येतो. अंतर निम्मं झालं की पटियेला वाकवणारा जोर चौथ्या हिश्शावर येतो. पण आधी बघा, लगेच गर्डर नको.

लेंटरबद्दल. लेंटर वाईट नाही, तो तुमच्या भिंतींचा नाही. तुमच्या भिंती चुन्यात बांधलेल्या, जाड आणि थोड्या हलणाऱ्या. ग्वाल्हेरचं ऊन मे महिन्यात पंचेचाळीसच्या वर जातं. वरचा सिमेंटचा सलग तुकडा दिवसा फुगतो, रात्री आखडतो, आणि भिंतीचा वरचा थर रोज थोडा ढकलतो. दोन-तीन उन्हाळ्यांत छताच्या लगत आडवी चीर दिसायला लागते. शिवाय पटिया काढताना छज्ज्याची शेपूट मोकळी झाली की छज्जा गल्लीत. तेवढं मात्र ठेकेदार खरं बोलला. छज्जा भिंतीच्या आणि छताच्या वजनानेच दाबून धरलेला असतो.

गोठकरीण

काका, टेकू लागले. तुमचा निरोप वाचून लगेच कोपऱ्यावरच्या मंडपवाल्याकडून बल्ल्या आणल्या. त्याचा मुलगा माझा विद्यार्थी होता, तोच लावून गेला. गच्चीच्या कोपऱ्यात सळई खुपसून बघितली. चौदा इंच गेली.

दुसरं एक विचारायचं राहिलं. चौकातल्या खांबांच्या खालच्या दोन फुटांचे पापुद्रे निघतायत. हात लावला तर वाळू गळते. वडिलांनी पंचाऐंशी-शहाऐंशी साली तिथे सिमेंटचा गिलावा करून वर ऑइलपेंट दिला होता, लादी धुताना पाणी लागू नये म्हणून. याचा संबंध असेल का?

चुनाभट्टी

ताई, नमस्कार. मी वास्तुविशारद आहे, जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचंच काम करते, सध्या बडोद्याला. संबंध आहे, पूर्ण आहे. आणि वडिलांनी जे केलं ते तेव्हा सगळेच करत होते, त्यांना बोल लावू नका.

वालुकाश्म पाणी पितो आणि सोडतो. जमिनीतून ओल खांबात चढते, आणि उघड्या अंगातून वाळून जाते. तोवर काही बिघडत नाही. आपण खालचे दोन फूट सिमेंटने आणि तेलरंगाने बंद केले की ओलीला बाहेर पडायला वाट उरत नाही. ती आतच थांबते, वर चढते, आणि जिथे वाट मिळते तिथे वाळते. पाण्याबरोबर आलेले क्षार दगडाच्या कातडीखाली साचतात, त्यांचे स्फटिक होताना फुगतात आणि वरचा थर ढकलून टाकतात. तेच तुमचे पापुद्रे. सिमेंट दगडापेक्षा कठीण, म्हणून मरतो तो दगड.

करायचं एवढंच की सिमेंट हलक्या छिन्नीने काढायचं, कोरीव कामाजवळ अगदी सावकाश. तेलरंग काढायला रंग मऊ करणारा लेप मिळतो, तो आधी तळहाताएवढ्या जागेवर लावून बघा. वाळूचा फवारा मारून साफ करून देतो म्हणणारा कुणी आला तर त्याला देवडीतूनच परत पाठवा. त्याने रंगाबरोबर कंगोरेही जातात. मग खांब वर्षभर उघडे राहू द्या. पांढरी बुरशीसारखी पूड येईल, ते क्षार आहेत. कोरड्या ब्रशने झाडायची, पाण्याने धुवायची नाही. पडलेला भाग भरायचाच असेल तर चुना आणि त्याच दगडाची भुकटी.

गच्चीसाठी चुनाच वापरा. कळीचा चुना आणून टाकीत विरवायचा आणि निदान दोन-तीन आठवडे पाण्याखाली मुरू द्यायचा. घाई केली तर न विरलेले खडे नंतर गच्चीत फुटतात. विटांचे तुकडे, सुर्खी (विटांची पूड), चुना, वरून गुळाचं आणि बेलफळाचं पाणी शिंपडत थापीने ठोकायचं, रोज, थापी उडायला लागेपर्यंत. ठोकणाऱ्या बायका आता मिळत नाहीत असं सगळे म्हणतात. विचारलं तर मिळतात. मुरारकडे, दतियाकडे चौकशी करा.

आणि एक काम आधी, कशालाही हात लावण्याच्या आधी. मोजमापं घ्या. तुमच्या ग्वाल्हेरच्या एमआयटीएस या अभियांत्रिकी संस्थेत वास्तुकलेचा विभाग आहे, तिथे जाऊन विचारा. विद्यार्थ्यांना मोजायला घर हवंच असतं. प्रत्येक पटियेला, प्रत्येक टोडीला क्रमांक द्या आणि फोटो काढा. तुम्ही पटियांना लहानपणीच क्रमांक दिलेत, म्हणजे निम्मं काम झालंय.

बडोद्यात मी रोज याच्या उलटं बघते. इथे रावपुऱ्यात दिवाण भाऊ तांबेकरांचा वाडा आहे, पुरातत्त्व खात्याने जपलेला, भिंतींवर चित्रंच चित्रं. तिथे सगळी करामत लाकडाची. मराठी घराचा आराखडा एकच, पण बडोद्याला तो सुताराने बांधला आणि ग्वाल्हेरला पाथरवटाने. म्हणून तुमच्या घराचं काम करायला सुतारकामाची पुस्तकं आणि पुण्याचे नमुने उपयोगी नाहीत. तुम्हाला ग्वाल्हेरचाच माणूस लागेल.

निंबाळकरांच्या गोठीतला

चि. ताईस आशीर्वाद. वय चौऱ्याऐंशी, मुक्काम भोपाळ. नातू टंकून देतोय.

बडोद्याच्या बाईंनी पाथरवट म्हटलं ते वाचून राहवलं नाही. १८१० मध्ये दौलतराव शिंद्यांनी उज्जैन सोडून किल्ल्याच्या पायथ्याला तळ दिला. तळ म्हणजे राहुट्या. लष्कराचा तळ म्हणून गाव लष्कर, कवायती पलटणींचा कंपू म्हणून कंपू, आणि ज्या त्या सरदाराचा गोट ती त्याची गोठ. शितोळ्यांची, चिटणिसांची, निंबाळकरांची. 'शत्रूच्या गोटात' म्हणतो तोच गोट हा, असं आमचे आजोबा सांगत. तर हे गाव मुळात कापडाचं होतं. त्याचं दगडाचं झालं ते किल्ल्यामुळे. ज्या डोंगरातून राजा मानसिंह तोमराने महाल उभा केला, ज्या दगडात सूफी संत घौस महंमदाच्या कबरीच्या जाळ्या कापल्या, तो दगड आणि तो हात इथे आधीपासून होता. मराठी माणसाने येऊन सांगितलं, मला चौक हवा, देवघर हवं, ओटा हवा. पाथरवट म्हणाला, देतो. त्याला लाकडात विचार करता येत नव्हता. हजिऱ्याला जाऊन त्या कबरीची जाळी बघा आणि घरी येऊन तुमच्या झरोक्याची बघा. तीनशे वर्षांचं अंतर आहे, छिन्नी तीच.

आमचा वाडा दोन चौकांचा होता. पुढच्या चौकात गणपती बसायचा, दहा दिवस गाणं. ग्वाल्हेरला २०२३ साली युनेस्कोने संगीताचं शहर म्हटलं, वाचून फार बरं वाटलं. पण ते गाणं सभागृहात नाही वाढलं, ते पटियांच्या छताखाली वाढलं. मी लहानपणी गवई कृष्णराव शंकर पंडितांना लष्करातच, एका दिवाणखान्यात, चार हातांवरून ऐकलं आहे. ध्वनिक्षेपक नव्हता. दगडी छत आणि खाली जाड सतरंज्या, आवाज घुमतही नसे आणि विरतही नसे. तान संपल्यावर जी शांतता व्हायची तशी मी नंतर कुठल्याही वातानुकूलित सभागृहात अनुभवली नाही.

वाडा आम्ही त्र्याण्णव साली दिला. चार भावांचे सोळा वाटेकरी झाले होते. मी सही केली. पाडताना मी गेलो नव्हतो, धाकटा गेला होता. तो एक जाळी घेऊन आला, दोन फूट बाय दीड फूट, षटकोनी ताऱ्यांची. ती माझ्या इथल्या सज्जात भिंतीला टेकवून ठेवली आहे. तिच्यातून काही दिसत नाही, मागे भिंत आहे. मी तुम्हाला विका म्हणत नाही आणि विकू नका असंही म्हणणार नाही, सोळा वाटेकरी काय असतात ते मी बघितलंय. तुम्ही तिघंच आहात. तिघांचं जमतं.

रामबागवाली, इंदूर

ताई, भावंडांचं विचारलंत म्हणून लिहिते. आमचं घर इंदूरला, रामबागेत, आम्ही चौघं. बोलून काही होत नव्हतं, प्रत्येक फोन भांडणावर संपायचा. मग वकिलाकडे बसून एक कागद केला: दुरुस्तीत ज्याने जेवढे घातले ते लिहून ठेवायचे, आणि पुढेमागे घर विकलं तर आधी ते परत, मग वाटणी. एवढ्यावर निम्मी कुरकुर संपली. कारण भांडण घराचं नव्हतंच, 'माझे पैसे बुडतील' याचं होतं. महानगरपालिकेच्या नोंदीत वडिलांचंच नाव असेल तर नामांतर, म्हणजे तुम्हा तिघांच्या नावावर नोंद, आधी करून घ्या, नाहीतर पुढे प्रत्येक कागद अडतो.

आणि दगडाचं म्हणाल तर आमचा राजवाडा बघा. सात मजली, खालचे तीन मजले दगडाचे, वरचे चार लाकडाचे. १९८४ च्या आगीत जळालं ते लाकूड. तुमच्याकडे जे आहे ते जळत नाही, त्याला वाळवी लागत नाही. त्याला फक्त आपण लावलेलं सिमेंट लागतं, हे मी या चर्चेतून आजच शिकले.

गोठकरीण

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. काम झालं, म्हणून सांगायला आले. दिवाळी उलटून गेली मधे.

काका, तुमचा हिशेब शब्दशः खरा निघाला. गच्ची उकरली तेव्हा मी खुर्ची टाकून वर बसले होते, प्रत्येक थर मोजून घेतला. सगळ्यात वर सिमेंटचा कोबा, तो वडिलांचा. त्याखाली विटांचा थर, तो आजोबांचा, कारण त्यांच्या हिशेबाच्या वहीत 'गच्ची, विटा' अशी नोंद सापडली. त्याखाली काळी माती, कुणी टाकली कुणास ठाऊक. आणि तळाशी चार बोटं मूळ चुना, इतका घट्ट की पहारीने ठणठण वाजला. सातवीच्या नेमकं वर मातीत पाणी साचून खळगा झाला होता, कारण वडिलांच्या कोब्याचा उतार उलटा झाला होता, पन्हाळीकडे जायच्या ऐवजी मधे. म्हणजे आम्ही तीन पिढ्या छत वाचवायला म्हणून वर जे टाकत गेलो, त्यानेच ती मोडली. हे कळल्यावर मी वरच बसून राहिले बराच वेळ. मिस्त्रीने चहा मागवला.

मिस्त्री हजिऱ्याकडचे आहेत, सत्तरीचे, पाथरवटाचंच घराणं. आले तेव्हा छताकडे आधी बघितलंच नाही. देवडीतल्या खांबावरून हात फिरवला आणि म्हणाले, "इसका जोड़ीदार कहाँ गया?" खरंच, समोरचा खांब नंतरचा आहे, मला पासष्ट वर्षांत कधी कळलं नव्हतं. पटिया जुनी मिळाली, दौलतगंजातल्या एका पाडलेल्या घराची. साडेदहा फुटांची होती, ती त्यांनी घरासमोर गल्लीत बसून कापली. चढवायला सात माणसं आणि चेन पुली, आणि तरी सगळी सकाळ गेली. सहावी आणि आठवी शाबूत आहेत. तिसरीला केसाएवढी भेग होती. तिच्यावर काचेची पट्टी चिकटवलीय, हलली तर काच तडकेल. अजून तडकलेली नाही. गच्ची चुन्याचीच केली. ठोकायला दतियाकडच्या चार बायका आल्या, नऊ दिवस ठोकत होत्या, त्यांच्या थापीच्या आणि गाण्याच्या आवाजावर माझी सकाळ व्हायची. खांबांचं सिमेंट निघालंय, सध्या रोज सकाळी पांढरी पूड झाडते. मोजणीला सहा मुलं-मुली येऊन गेली, त्यांचे नकाशे यायचेत.

धाकट्याचं. कागद केला, इंदूरच्या ताईंनी सांगितला तसा. तो अजूनही विकायचंच म्हणतो, आणि त्याचं म्हणणं मी ऐकून घेते. त्याला पटियेचा फोटो पाठवला होता, तुटून खाली उतरवलेली, दोन तुकडे चौकात ठेवलेले. पैशांबद्दल काही बोलेल वाटलं. त्याचा उलट फोन आला, विचारतो, मासा कुठल्या तुकड्यावर आहे? म्हटलं, मोठ्या. म्हणाला, तो मलब्यात टाकू देऊ नकोस. आणि गेल्या आठवड्यात निम्मा खर्च पाठवला, न मागता.

मासा आता चौकात, तुळशीच्या पश्चिमेला, खालच्या लादीत बसवलाय, तोंड वर करून. मिस्त्री म्हणाले ही खूण त्यांच्या घराण्याची नाही, पण दुसऱ्या एका घराण्याची आहे, ते लोक आता मुरारला असतात. नाताळच्या सुट्टीत धाकटा येणार आहे, तेव्हा दोघं जाऊन विचारू.